विझणारा लाल दिवा

१

"तू हात लावलास आणि त्या दिवसापासून ही गाडी येड्यासारखी करायला लागली. आता मला शिकवू नकोस."

"ताई, मी हॉर्न बसवला. हॉर्न. हॉर्नचा आणि एअरबॅगचा संबंध तेवढाच, जेवढा तुझा आणि शांतपणाचा."

"बघा, बोलतोय कसा. मोठ्या बहिणीशी."

करंटने हातातला पाना पायरीवर आपटला. त्याला सगळे करंटच म्हणायचे. एक तर तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा, आणि दुसरं म्हणजे त्याला डिवचायची खोटी, की झटका बसलाच. आज तर घरातल्या प्रत्येकाने सकाळपासून आळीपाळीने डिवचलं होतं.

अंगणात जुनी निळी गाडी उभी होती, चारही दारं उघडी टाकून. पायरीवर टिकलीची भरलेली बॅग. टिकली म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली, आता दारातून वाकून आत येते. तिला लांबच्या शहरात नोकरी लागली होती, उद्या सकाळी हजर व्हायचं होतं. ताईने गाडी तिला देऊन टाकली होती. जेवणं झाली की टिकली एकटी हायवेने निघणार, सगळं ठरलेलं. आणि सकाळी तिने चावी फिरवली तर मीटरच्या काट्यांच्या मधोमध तो लाल दिवा पेटला, तो पेटूनच राहिला. सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुगा, असं चित्र.

हा दिवा चावी फिरवल्यावर जरासा लागतो आणि सगळं ठीक असेल तर विझतो. विझला नाही तर त्याचा अर्थ सरळ आहे. ठोकर बसली तर फुगा उघडेल याची गाडीला स्वतःलाच खात्री नाही.

"गेला महिनाभर हेच," टिकली म्हणाली. "कधी लागतो, कधी नाही."

ताईने फोन करून मेस्त्रींनाही बोलावलं होतं. पलीकडच्या गल्लीतलं गॅरेज त्यांचं, गाडीचं सगळं काम पहिल्यापासून त्यांच्याकडेच. मेस्त्री गाडीला टेकून दात कोरत होते.

"वहिनी, एवढं काय त्यात. बल्ब काढून टाकतो. दिवाच नाही तर कटकट नाही."

"आणि उद्या हिने कशाला धडक दिली तर?" करंट म्हणाला. "फुगा काय बल्बची वाट बघत बसेल?"

"जुन्या गाड्यांत दिवे लागतातच. तू अजून नवीन आहेस धंद्यात."

करंट पुढे सरकला. भाऊजी मधे आले. भाऊजी म्हणजे ताईचे नवरे, रिटायर्ड बस ड्रायव्हर. माणूस बोलायला कमी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून ताईने त्यांचं गाडी चालवणं बंद केलेलं, पण बसची सवय सुटली नव्हती. रोज सकाळी गाडी पुसायची, पायातल्या मॅट काढून झटकायच्या, काच लख्ख करायची. आताही हातात फडकं होतं.

"मॅट राहिली होती," ते म्हणाले आणि ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकले. मॅट नीट सारखी करून बाहेर आले. "भांडू नका. आधी परत एकदा बघा तरी."

ताई तरातरा जाऊन आत बसली आणि तिने चावी फिरवली.

लाल दिवा लागला. सगळे माना वाकवून बघत होते. दिवा विझला.

"झालं? उगाच सकाळपासून डोकं उठवलंय."

"आई, आत्ता मी बसले होते तेव्हा पेटलेलाच होता," टिकली म्हणाली. "मी काय खोटं बोलतेय?"

करंट आणखी आत वाकला. त्याला न विझणाऱ्या दिव्याची कधी भीती वाटली नव्हती. लागलेला दिवा शोधता येतो. हा आपला आपण विझला होता.

"जेवणं होईपर्यंत," ताई म्हणाली. "तोवर काय शोधायचं ते शोध. नाही सापडलं तर मेस्त्री बल्ब काढतील आणि ही निघेल. आणि स्टिअरिंग उघडायचं नाही, सांगून ठेवते. तुझ्या हाताला मी भ्याले."

२

करंटने टिकलीला शेजारी बसवलं आणि गाडी रस्त्यावर काढली.

"आता नीट सांग. गाळू नकोस काही."

"तू पोलिसासारखा नको विचारूस, मामा."

"मग तू चोरासारखी नको सांगूस."

टिकली हसली, पण सांगितलं नीट. आई चालवते तेव्हा दिवा कधीच लागत नाही. मेस्त्रीकाकांना दाखवायला नेली तेव्हाही लागला नाही, त्यांनी वेड्यात काढलं. लागतो तो फक्त टिकली चालवायला बसली की.

करंटच्या डोक्यात पटकन उजेड पडला. ताई बुटकी, सीट पुढे ओढून बसते. टिकली उंच, सीट मागे ढकलते, आणि तरी तिचे गुडघे स्टिअरिंगच्या खाली लागतात. तिथेच एअरबॅगची वायर उतरते, पिवळ्या जोडाची. गुडघा लागला, जोड हलला, दिवा लागला. संपला विषय. ताईला आता तोंड वर करून सांगता येईल.

त्याने गाडी कडेला घेतली. "बस इकडे. सीट मागे घे, रोज घेतेस तशी. गुडघे लाव."

टिकली बसली. चावी फिरवली. दिवा विझला.

"जोरात लाव."

तिने गुडघ्याने दोन धक्के दिले. काही नाही. मग त्यांनी गाडी गतिरोधकांवरून आपटत नेली, गोदामांमागच्या बोळात स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. करंटने तिला मुद्दाम खड्ड्यात घालायला लावली. दिवा मेल्यासारखा शांत.

त्याने पिशवीतून तपासणीचं यंत्र काढून गाडीला लावलं. गाडीच्या आठवणीत जुनी नोंद होती. ड्रायव्हरपुढच्या एअरबॅगची वायर मधेच तुटते, असं तिचं म्हणणं. या गाडीत एअरबॅग एकच, तीच. म्हणजे टिकली खोटं बोलत नव्हती. पण वायर तुटायची कुठे, आणि परत जुळायची कशी?

उकडायला लागलं म्हणून टिकलीने पंखा पुरा सोडला. जाळीतून पांढरी भुकटी उडाली आणि तिच्या काळ्या कुर्त्यावर बसली.

"हे एक अजून," ती कुर्ता झटकत म्हणाली. "पुरा सोडला की हे येतं. बाबा म्हणाले भिंतीच्या रंगकामाची धूळ असेल."

"रंगकाम कधी झालं?"

"झालंच नाही ना. शेजाऱ्यांचं झालं असेल."

करंटने ती भुकटी बोटावर घेतली, चोळली. मऊ होती. भिंतीची धूळ खरखरीत लागते. त्याने हात पॅन्टला पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला.

"तुझ्याकडून रोजच लागतो?"

"रोज नाही. परवा भाजीला गेले होते, नाही लागला. मैत्रिणीकडे गेले, नाही लागला." टिकलीने कपाळाला आठ्या घातल्या. "हायवेवर सरावाला जायचं असलं की लागतो. म्हणजे... लांब जायचं असलं की. मी मग घाबरून कोपऱ्यावरून परत येते. आज पण तसंच."

ती स्वतःच बोलता बोलता थांबली.

"मामा, गाडीला कसं कळतं आपण कुठे चाललोय ते?"

करंटने यंत्र काढून पिशवीत टाकलं. भर उन्हात त्याच्या अंगावर काटा आला.

३

गाडी आणि टिकली घरी सोडून करंट चालत पलीकडच्या गल्लीत आला. मेस्त्री गॅरेजवर परतले होते. एका गाडीच्या पोटाखालून त्यांचे पाय दिसत होते.

"कोण? करंट? मिळाला का तुझा चोर?"

"मेस्त्री, या गाडीच्या एअरबॅगचं काम तुम्ही कधी केलंय?"

पाय हलायचे थांबले. मग मेस्त्री घसरत बाहेर आले, तोंड ग्रीसने माखलेलं.

"एअरबॅगचं काम मी करतच नाही. आपलं इंजिन, क्लच, ब्रेक. ती नसती भानगड."

"मग मी उघडतो आता. स्टिअरिंग काढून बघतो."

"नको." मेस्त्री एकदम उठून बसले. "येडा झालास? तोंडावर फुटेल. मी माणसं बघितलीत डोळे गेलेली. वहिनींनी पण नाही म्हटलंय ना?"

"बल्ब काढायला निघाला होतात, तेव्हा नाही भीती वाटली."

"बल्ब वेगळा आणि ते वेगळं." मेस्त्रींनी फडक्याने तोंड पुसलं, ग्रीस आणखी पसरलं. "पोरीला बसने पाठवा ना. कशाला हवी गाडी? मी तर म्हणतो विकून टाका ती."

करंटला हे फार विचित्र वाटलं. घटकाभरापूर्वी हाच माणूस पोरीला बल्ब काढून पाठवायला तयार होता. ताईसमोर एक आणि इथे एक.

गॅरेजला लागूनच सीटकव्हरवाल्याचं दुकान. त्याचं तोंड शिलाई मशीनपेक्षा जोरात चालायचं.

"या करंटभाऊ. भांडण झालं ना सकाळी? इथवर आवाज. तुमच्या ताईंचा आवाज म्हणजे सायरन बसवायची गरज नाही."

"निळ्या गाडीच्या स्टिअरिंगला कव्हर तुम्हीच शिवलंत?"

"मीच. बघा कसं बसलंय, चामडीसारखं. पण खरं सांगू, मला ते पटलं नव्हतं. लोक कव्हर घालतात ते चाक खराब झालं म्हणून. त्या गाडीचं चाक घासून गुळगुळीत, आणि मधलं झाकण, हॉर्न दाबतो ना आपण, ते नवं कोरं. वेगळंच दिसायचं. मी म्हटलं, चाक पण नवं घ्या की. तर म्हणे नको, कव्हर घाला, झाकणासारख्या रंगाचं."

करंटच्या मानेवरचे केस उभे राहिले. "कोण म्हणे?"

"मेस्त्री घेऊन आले होते गाडी. तुमचे भाऊजी होते शेजारी बसलेले." कव्हरवाल्याने दोरा तोडला. "ताई आणि पोरगी गावाला गेल्या होत्या तेव्हा. मुलाखतीला का कशाला. पुढचा बंपर पण रंगवून घेतला होता त्यांनी. उन्हाने रंग उडालाय म्हणे."

बंपर. हॉर्न बसवताना करंटने बंपर खोलला होता. मागचे बोल्ट नवे चकचकीत होते, तेव्हा वाटलं रंगाऱ्याने बदलले असतील. स्वतःच्या डोळ्याने पाहिलं आणि पुढे गेला. त्याने स्वतःलाच मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि घराकडे पळत सुटला.

४

ताई स्वयंपाकघरात होती. ताटं मांडल्याचे आवाज येत होते. करंटने कुणाला विचारलं नाही. बॅटरीची वायर काढली, गाडीतली उरलीसुरली वीज निघून जाईस्तोवर बाहेर उभा राहिला, आणि मग ड्रायव्हरच्या बाजूने उताणा आत शिरला, डोकं पेडलांपाशी, पाय बाहेर.

पिवळा जोड स्टिअरिंगच्या खाली लोंबत होता. हात घातला की लगेच सापडेल असा. त्याला काळी टेप गुंडाळलेली. टेप जुनी, पण कडा सुटलेली, हात लागून लागून मळलेली. करंटने ती उलगडली.

आत बोटाच्या पेराएवढा रेझिस्टर होता, वीज अडवणारा तुकडा. जोडाच्या दोन टोकांमधे बसवलेला.

तो तसाच पडून राहिला. त्याच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. गाडी सारखी वीज पाठवून बघत असते, पुढे एअरबॅग आहे ना. तिच्या जागी असला तुकडा बसवला की गाडी फसते. तिला वाटतं, आहे. दिवा विझतो.

त्याने स्टिअरिंगमागचे बोल्ट सोडवले आणि मधलं झाकण उचललं. ते हातात खेळण्यासारखं हलकं आलं. आत काहीच नव्हतं. फुगा नाही, त्याचा डबा नाही. नुसती पोकळी.

"स्टिअरिंग उघडू नको म्हटलं होतं ना मी," ताई दारातून ओरडली. मग तिने त्याच्या हातातलं झाकण बघितलं. "हे काय आहे?"

"एअरबॅग, ताई. म्हणजे एअरबॅगची जागा. आपण सकाळपासून विचारतोय दिवा लागतो का. दिवा लागतो तेव्हाच गाडी खरं बोलत होती. विझतो तेव्हा खोटं."

ताई पायरीवर बसली. टिकली आतून धावत आली, तिने झाकण घेऊन आत बघितलं आणि काही न बोलता परत दिलं. या झाकणापुढे तोंड धरून ती आज हायवेवर निघणार होती. 

"मेस्त्री," ताई म्हणाली. आवाज एकदम खाली गेलेला, म्हणजे फार वाईट. "काढून विकली मेल्याने. गाडी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गेलीच नाही कधी. बोलवा त्याला."

मेस्त्रींना बोलवायला लागलं नाही. करंटच्या मागोमाग ते आलेच होते, फाटकाशी उभे होते. भाऊजीही आतून बाहेर आले, हात पुसत.

"हे तुम्ही बसवलंत?" ताईने रेझिस्टर मेस्त्रींच्या नाकापुढे धरला.

मेस्त्रींनी मान खाली घातली. "हो."

"आणि एअरबॅग चोरलीत."

"चोरली नाही, वहिनी."

"मग गेली कुठे? उडून गेली?"

 ताईने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. माणूस ग्रीसचे हात एकमेकांत चोळत उभा. ताईने फोन काढला.

"पोलिसांनाच सांगा मग काय सांगायचं ते. माझ्या पोरीला मारायला निघाला होतास तू. बल्ब काढतो म्हणे."

"फोन ठेव, ताई," करंट म्हणाला.

"तू मधे पडू नकोस."

"ठेव म्हटलं ना. अर्धंच सापडलंय अजून. चोराचं काम दिवा विझवायचं. इथे कुणीतरी तो लावत होतं."

५

अंगणात पाच माणसं आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"टिकली म्हणाली, गाडीला कसं कळतं आपण कुठे चाललोय," करंट म्हणाला. "गाडीला नाही कळत. माणसाला कळतं. कुणीतरी ही टेप सोडून जोड ओढायचं, ती लांब निघाली की. आणि ती परत आली की जोडून ठेवायचं, म्हणून मेस्त्रींना कधी दिवा दिसला नाही. मेस्त्रींनी केलं असतं तर त्यांना रोज सकाळी आपल्या अंगणात यावं लागलं असतं."

"मग कोण?" ताईने विचारलं. पण तिचा आवाज हळू झाला होता.

"आधी हे ऐक. चोरलेली एअरबॅग घडी घालून शांतपणे बाहेर निघते, कसली खूण ठेवत नाही. फुटलेली ठेवते. फुगा उघडतो तेव्हा सगळीकडे मऊ पांढरी भुकटी उडते आणि पंख्याच्या जाळीत जाऊन बसते. टिकलीच्या कुर्त्यावर आहे बघ अजून. ही एअरबॅग कुणी काढली नाही, ती फुटली. म्हणजे गाडी ठोकली. म्हणून बंपर रंगवला. मागचे बोल्ट नवे आहेत, ते मी पाहिलेत."

"ठोकली? केव्हा?"

"तुम्ही दोघी गावाला होतात तेव्हा. मेस्त्री चालवत असते तर त्यांना काही झालं असतं, त्यांना साधं खरचटलंही नाही. फुगा उघडतो तेव्हा तोंडावर आपटतो. चष्मा असेल तर फुटतो. आणि हाताला आतून भाजल्यासारखं होतं, इथे, मनगटाच्या वर." करंट बोलताना स्वतःच्या हाताकडे बघत होता, दुसरीकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं. "ताई, तुम्ही परत आलात तेव्हा घरात नवा चष्मा कुणाला आला होता?"

ताईने सावकाश मान वळवली.

भाऊजी लांब बाह्यांच्या शर्टात उभे होते, भर उन्हाळ्यात. गेले कित्येक दिवस तसेच वावरत होते.

"इस्त्रीने भाजलं म्हणालात," ताई म्हणाली. "मी स्वतः मलम लावलं."

भाऊजींनी बाही वर केली नाही. जागेवरूनही हलले नाहीत.

"पेट्रोल भरायला नेली होती," ते म्हणाले. "तुम्ही याल तेव्हा टाकी भरलेली असावी म्हणून. एवढंच. गोदामाच्या फाटकाचा खांब. डावीकडचा. अख्खा खांब, आणि मला दिसला नाही." ते थोडे थांबले. "एवढी वर्षं बस चालवली. कधी साधा ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाला कडेचं दिसत नाही, तर मी त्यालाच वेड्यात काढलं होतं."

"साहेबांनी माझे पाय धरले, वहिनी," मेस्त्री म्हणाले. "मी शब्द दिला. म्हटलं, गाडी घरातल्या घरात फिरणार, भाजी आणायला. नवीन एअरबॅग मिळेपर्यंत चालवू. ती मिळेना. बाजारात नुसतं नवं झाकण मिळालं. पोरीला देणार म्हणून कुणाला माहीत होतं?"

"देणार कळल्यावर तरी सांगायचं," करंट म्हणाला.

"मी वायर ओढायचो," भाऊजी म्हणाले. "मॅट काढताना. वाटलं, दिवा बघून ती जाणार नाही. कुणीतरी दुरुस्तीला देईल, तिकडे सापडेल, माझं नाव न येता. मी काही झोपून नव्हतो राहिलो. ती लांब निघाली की ओढायचो. परत आली की धीर सुटायचा, जोडून ठेवायचो."

ताई काही म्हणणार होती. पण टिकली पुढे आली. आत्तापर्यंत ती बोलली नव्हती, आणि आताही तिचा आवाज चढला नाही.

"बाबा, आज सकाळी मी बसले तेव्हा दिवा पेटलेला होता."

"हो. मीच ओढली होती."

"मग आईने मामाला बोलावलं. मेस्त्रीकाकांना बोलावलं. तुम्ही मॅट राहिली म्हणून परत आत वाकलात. आणि आई बसली तर विझला."

भाऊजींनी चष्मा काढला.

"मामा शोधणार, असं कळलं आणि तुम्ही वायर परत जोडलीत," टिकली म्हणाली. "आई म्हणाली जेवण झालं की निघायचं. तुम्ही तिथेच उभे होतात. म्हणजे मामाला सापडलं नसतं, तर मी जेवून निघाले असते."

"मी सांगणार होतो. निघायच्या आधी."

"ताटं वाढून झाली होती, बाबा."

भाऊजी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत राहिले. करंटला एकाएकी आपण फार हुशारी केली असं वाटायचं बंद झालं. त्याने हातातलं पोकळ झाकण गाडीच्या टपावर ठेवलं, तर ते घसरून खाली पडलं आणि कुणी उचललं नाही.

टिकलीने पायरीवरून बॅग उचलली. पट्टा खांद्यावर घेतला, पायात चपला सरकवल्या.

"कुठे?" ताई म्हणाली. "जेवून तरी जा."

"बसने जाते. उद्या हजर व्हायचंय मला."

"मी सोडतो स्टँडवर, माझ्या स्कूटरवर," करंट म्हणाला.

"नको मामा. चालत जाते."

ती मेस्त्रींच्या बाजूने फाटकातून बाहेर पडली. तिने फाटक जोरात लावलं नाही, नुसतं लोटलं. ते परत उघडलं आणि तसंच राहिलं. रस्त्यावर तिची बॅग एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलेली दिसली.

ताईने डोळ्यांना पदर लावला. मेस्त्री भिंतीकडे बघत होते. भाऊजी वाकून पायरीखाली चप्पल शोधत होते. एक मिळाली, दुसरी पाय मारून मारून मिळेना. ती डावीकडेच पडली होती, त्यांच्या पायापासून वीतभर. करंटने ती पायाने पुढे सरकवली.

"अहो, आता कुठे?" ताई म्हणाली. "ती बोलणार नाही तुमच्याशी. ऐकून तरी घेईल का?"

"न बोलू दे." भाऊजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तिची बॅग जड आहे आणि मधे तो मोठा रस्ता ओलांडायचाय. ती कोपऱ्यावर पोचलीसुद्धा. मला आता निघायला हवं."